दिवाळी आणि घरातील कुत्रा : तयारी पंधरवडाभर आधीची

महाराष्ट्रातील दिवाळी वसुबारसेपासून सुरू होते. गाय-वासराला ओवाळून, त्यांच्यापुढे घास ठेवून आपण सणाचा पहिला दिवा लावतो. शेजारच्या नेपाळमध्ये आपल्या नरक चतुर्दशीच्या सुमारास ‘कुकुर तिहार’ असतो. त्या दिवशी कुत्र्यांच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्यांना आवडीचे खाणे देतात. मुक्या प्राण्याची आठवण ठेवून सुरू होणारा हा सण आपल्या घरातील कुत्र्याला मात्र अनेकदा वर्षातील सर्वांत कठीण काळ ठरतो. पहिला सुतळी बॉम्ब वाजतो आणि एरवी दारात रुबाबात बसणारा प्राणी पलंगाखाली शिरतो, थरथरतो, दोन-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. आपण हळहळतो आणि चार दिवसांत सारे सरेल, अशी स्वतःची समजूत घालतो.

ती समजूत पुरती खरी नाही. फटाक्यांची भीती दिवाळीबरोबर संपेलच, असे नसते. पुष्कळ कुत्र्यांत ती साठत जाते. यंदा केवळ दचकणारे पिल्लू पुढील वर्षी थरथरते आणि त्यापुढील वर्षी दार उघडे दिसताच रस्त्यावर धाव घेते. कुत्र्याच्या आयुष्यात दहा-बारा दिवाळ्या येतात. त्यांतील एक दिवाळी आपण कशी हाताळतो, यावर पुढच्या साऱ्या अवलंबून असतात. म्हणूनच ही तयारी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी करण्याची गोष्ट नव्हे. ती आजपासून, हाती पंधरवडा असतानाच सुरू करावी.

भीती म्हणजे खोड नव्हे

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याच्या बाबतीत ही वरची मर्यादा सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत जाते. आपल्याला केवळ ‘धडाम’ ऐकू येते, तेव्हा त्याच्या कानी त्याहून अधिक काही पडत असते. पण प्रश्न केवळ आवाजाच्या तीव्रतेचा नाही. हा आवाज केव्हा होईल हे त्याला कळत नाही, कोठून येतो हे दिसत नाही आणि त्यापासून दूर पळावे, तर तो चहूबाजूंनी येतो. दिनदर्शिका आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते.

अशा वेळी त्याच्या शरीरात तेच घडते, जे संकटात आपल्या शरीरात घडते. हृदयाची गती वाढते, अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात, स्नायू ताठरतात आणि पचन मंदावते. थरथरणे, लाळ गळणे, उकाडा नसताना धापा टाकणे, शेपूट पोटाखाली घेणे, कान मागे पाडणे, येरझाऱ्या घालणे ही लक्षणे सहज ओळखता येतात. काही खुणा मात्र नजरेतून निसटतात. पुनःपुन्हा जांभया देणे, ओठ चाटत राहणे, बाहुल्या विस्फारणे, आपल्या पायांना चिकटून बसणे किंवा एका कोपऱ्यात दगडासारखे निश्चल पडून राहणे, हीसुद्धा भीतीच होय. ‘आमचा कुत्रा अगदी शांत पडून असतो’ असे म्हणण्यापूर्वी तो आवडीचा तुकडा खातो का, हे पाहावे. खात नसेल, तर तो शांत नाही. भयाने गोठलेला आहे.

येथे एक जुना गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतले, तर त्याची भीती पक्की होते, असे सांगितले जाते आणि त्यापायी अनेक घरांत त्याच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केले जाते. भीती ही सवय किंवा वर्तणूक नसून भावना आहे. वादळात बिलगलेल्या मुलाला पोटाशी धरल्याने ते अधिक भित्रे होत नाही, तसेच हे आहे. तो जवळ आला, तर त्याला बसू द्यावे, संथपणे पाठीवरून हात फिरवावा, नेहमीच्या स्वरात बोलावे. त्याला लपावेसे वाटत असेल, तर लपू द्यावे. पलंगाखालून ओढून बाहेर काढणे, ‘सवय होईल’ म्हणून फटाक्यांजवळ नेणे किंवा रागावणे, यांनी मात्र भीती निश्चित वाढते.

यापुढची पायरी अशी. प्रत्येक आवाजापाठोपाठ लगेच त्याच्या अत्यंत आवडीचा लहानसा खाऊ द्यावा: उकडलेल्या चिकनचा वा पनीरचा नखाएवढा तुकडा. आवाज आधी, खाऊ नंतर, हा क्रम मोडू नये. स्वित्झर्लंडमधील संशोधक श्टेफनी रीमर यांनी २०२० मध्ये हजाराहून अधिक कुत्र्यांच्या पालकांकडून माहिती घेऊन फटाक्यांच्या भीतीवरील उपायांची तुलना केली. त्यांत हा साधा उपाय सर्वाधिक परिणामकारक ठरलेल्यांपैकी होता. विशेषतः पहिलीच दिवाळी पाहणाऱ्या पिल्लासाठी आणि अद्याप फारशी भीती नसलेल्या कुत्र्यासाठी तो अवश्य करावा. भीती जडण्याची वाट पाहू नये.

आडोसा आधी तयार हवा

घरातील रस्त्यापासून सर्वांत दूरची, शक्यतो लहान खिडकीची खोली निवडावी. पुष्कळ कुत्री आपण होऊन न्हाणीघर किंवा पलंगाखालची जागा पसंत करतात. त्यांची निवड मानावी. तेथे त्याचे अंथरूण, पाणी आणि आपला एखादा वापरलेला कपडा ठेवावा. आजपासून रोज एक वेळचे जेवण त्याच जागी द्यावे. दिवाळीच्या रात्री ही जागा त्याला ‘कोंडण्याची’ न वाटता ‘आपली’ वाटली पाहिजे. खोलीचे दार घराच्या आतील बाजूस उघडे ठेवावे. ये-जा त्याच्या मर्जीने व्हावी.

सायंकाळी फटाके सुरू होण्यापूर्वीच खिडक्या लावून जाड पडदे ओढावेत, पंखा चालू करावा आणि ओळखीचे संगीत वा दूरदर्शनसंचाचा आवाज मध्यम पातळीवर ठेवावा. त्याने बाहेरच्या धडाक्याची धार काहीशी बोथट होते. कानांत कापसाचे बोळे मात्र कोंबू नयेत. भेदरलेल्या कुत्र्याला ते सहन होत नाहीत आणि खोल गेलेला बोळा काढणे अवघड होते. त्याला साखळीने बांधून ठेवू नये. घाबरून झेप घेताना गळ्याला फास बसू शकतो. गॅलरीत तर मुळीच ठेवू नये. भयाने उडी मारलेल्या कुत्र्याला मजला किती उंच आहे, याचे भान नसते.

फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत अगदी हळू लावून, हळूहळू आवाज वाढवत सराव करून घेण्याची पद्धत चांगली आहे. परंतु तिला आठवड्यांचा नव्हे, तर महिन्यांचा अवधी लागतो. मुळात घाबरणाऱ्या कुत्र्याला ऐन दिवाळीच्या तोंडावर अशा ध्वनिफिती ऐकवू नयेत. हा सराव दिवाळी उलटल्यावर, निवांत दिवसांत, पुढील वर्षासाठी सुरू करावा.

पशुवैद्यांकडे आताच जावे

मागील वर्षी कुत्र्याने अन्न सोडले असेल, दार ओरबाडले असेल, स्वतःला इजा करून घेतली असेल किंवा तो पळून गेला असेल, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. भीती कमी करणारी प्रभावी औषधे पशुवैद्यांकडे आहेत. ती आवाज सुरू होण्यापूर्वी द्यायची असतात आणि त्यांची मात्रा कुत्र्याचे वजन, वय, हृदय व यकृत यांचा विचार करून ठरते. शक्य असल्यास दिवाळीपूर्वी एकदा ती देऊन परिणाम पाहावा, म्हणून भेट आताच घ्यावी. केवळ गुंगी आणणारे औषध आणि भीती घालवणारे औषध यांत फरक आहे. एसिप्रोमॅझिनसारख्या जुन्या औषधाने शरीर सुस्त पडते. पण ते एकटे दिल्यास मनातील भय तसेच राहू शकते. ‘तो झोपेल असे काहीतरी द्या’ असे न म्हणता ‘त्याची भीती कमी व्हावी’ असे डॉक्टरांना सांगावे.

घरातील माणसांच्या झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या त्याला कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतात.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आयुष्यभर फटाक्यांना न घाबरलेला कुत्रा उतारवयात एकाएकी घाबरू लागला, तर त्याचे सांधे व पाठ तपासून घ्यावी. दचकताना स्नायू एकदम ताठरतात, दुखऱ्या भागातून कळ येते आणि आवाज व वेदना यांची मनात सांगड बसते. अशा वेळी दुखण्यावर उपचार केल्याने भीतीही उतरू शकते. ज्या कुत्र्याला अपस्माराचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्याची नेहमीची औषधे सुट्ट्यांपूर्वीच भरून ठेवावीत. आपले पशुवैद्य लक्ष्मीपूजन, पाडवा व भाऊबीज या दिवशी उपलब्ध असतील का आणि नसल्यास रात्री-अपरात्री कोणाकडे जावे, हे आताच विचारून क्रमांक दर्शनी लावावा. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी व उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील रुग्णालयांच्या सुट्टीतील वेळाही आधी माहीत असाव्यात.

फिरण्याच्या वेळा बदलाव्यात

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानापाठोपाठ, सूर्योदयापूर्वीच आपल्याकडे फटाके वाजू लागतात. म्हणजे कुत्र्याच्या नेहमीच्या प्रभातफेरीची वेळच त्या दिवशी सर्वांत धोक्याची असते. दिवाळीच्या दिवसांत त्याला उजाडून, आवाज निवळल्यावर, आणि पुन्हा दुपारी चारच्या सुमारास बाहेर न्यावे. भर दुपारी मात्र नको. त्या दिवसांतील उन्हाने डांबरी रस्ता तापतो व पंजे पोळतात. सायंकाळचे जेवण अंधार पडण्यापूर्वी द्यावे. रात्री बाहेर नेणे अशक्य झाल्यास न्हाणीघरात किंवा गच्चीच्या बंदिस्त भागात जुनी वर्तमानपत्रे अंथरून लघवीची सोय करावी. तासन्‌तास लघवी अडवून धरणे त्याच्या प्रकृतीस बरे नव्हे.

या दिवसांत पट्टा सोडू नये, मग कुत्रा कितीही आज्ञाधारक असो. गळपट्टा सैल असेल, तर भ्यालेला कुत्रा मागे सरकत डोके अलगद काढून घेतो. छातीवरून बांधायचा हार्नेस अधिक सुरक्षित असतो. गळपट्ट्यावर आपला मोबाइल क्रमांक ठळक लिहिलेला असावा. मायक्रोचिप बसवली असेल, तर तिच्या नोंदीतील क्रमांक चालू आहे ना, हे पाहावे. कुत्र्याचे एक ताजे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे.

तो पळालाच, तर हाका मारत त्याच्या मागे धावू नये. त्याने तो आणखी दूर जातो. घाबरलेला कुत्रा अनेकदा जवळपासच मोटारीखाली, जिन्याखाली किंवा झुडपात दडून बसतो. आवाज थांबल्यावर तेथे शांतपणे शोधावे. पहारेकरी, शेजारच्या सोसायट्या व परिसरातील पशुवैद्य यांना छायाचित्रासह कळवावे.

फराळाचा डबा

बेसनाच्या व रव्याच्या लाडवावर आपण हौसेने बेदाणा लावतो, चिवड्यात मनुका घालतो. सांगली-तासगावच्या या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षे व बेदाणे किती खाल्ले तर चालतील, असे सुरक्षित प्रमाण ठरवता आलेले नाही. एखाद्याला काहीच होत नाही, तर दुसऱ्याला थोडक्यातही बाधा होते. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल याचे कारण असावे, असे अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये सुचवले. चिंचेतही हेच आम्ल असते. प्रारंभी उलट्या व मरगळ दिसते आणि पुढील एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. लक्षणांची वाट न पाहता, बेदाणे खाल्ल्याचे कळताच डॉक्टरांकडे जावे. पहिल्या एक-दोन तासांत केलेले उपचार सर्वाधिक उपयोगी पडतात.

भेटीदाखल येणाऱ्या चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला ४०-५० ग्रॅम गडद चॉकलेटही बाधा करण्यास पुरेसे ठरू शकते. अस्वस्थता, उलट्या, हृदयाचे ठोके वाढणे आणि अधिक प्रमाणात झटके ही त्याची लक्षणे होत. ‘बिनसाखरेच्या’ मिठाईत किंवा च्युइंगममध्ये झायलिटॉल हे गोडवा आणणारे द्रव्य असेल, तर कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. यकृतालाही इजा होते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याचे हेही एक कारण. लसणाची शेव, कांद्याची भजी व तत्सम पदार्थांतील कांदा-लसूण रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात आणि त्याचा अशक्तपणा काही दिवसांनी दिसतो. सुक्यामेव्याच्या पेटीतील मॅकाडेमिया या विदेशी दाण्यांनी मागील पाय लुळे पडतात.

यांपैकी काहीच नसले, तरी तूप व तळणाचा एकदम मोठा मारा स्वादुपिंडाला सूज आणू शकतो. वारंवार उलट्या, पोट दुखल्याने पाठ कमानीसारखी करणे किंवा पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच धरणे, ही त्याची चिन्हे असतात. सणाचा घास द्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी बिनमिठाचा दहीभात, उकडलेले अंडे, शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजराचा तुकडा बाजूला काढून ठेवावा. घरातील मुलांच्या व आल्यागेल्यांच्या हाती तोच द्यावा, म्हणजे त्यांचाही हिरमोड होत नाही.

विषारी पदार्थ खाल्ल्याची शंका येताच काय, किती व केव्हा खाल्ले याची नोंद करून, वेष्टन सोबत घेऊन डॉक्टरांना फोन करावा. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नये. त्याने रक्तातील सोडियम वाढून जिवावर बेतू शकते.

साफसफाई, पणत्या आणि विझलेले फटाके

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत कपाटातील डांबरगोळ्या, उंदरांचे औषध, फिनाइल बाहेर येते. या वस्तू जमिनीवर क्षणभरही ठेवू नयेत. पूजेचा कापूरही कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये. पणत्या त्याच्या शेपटीच्या उंचीवर नकोत, विद्युतमाळांच्या तारा पिल्लाच्या दातांपासून दूर असाव्यात.

सकाळी फिरायला नेताना जमिनीकडे लक्ष द्यावे. न फुटलेले फटाके, दारू व सापाच्या गोळ्या कुत्री हुंगतात आणि कधी गिळतातही. त्यांतील रसायने विषारी असतात. विझलेल्या फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली राहते. ती पाण्याच्या बादलीत टाकण्याची शिस्त मुलांना लावावी. तिने माणसांचे पायही वाचतील. कुत्र्याला भाजलेच, तर त्या भागावर दहा ते वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. बर्फ, हळद, तूप किंवा दंतमंजन लावू नये. त्यानंतर जखम स्वच्छ ओल्या फडक्याने सैलसर झाकून डॉक्टरांकडे न्यावे.

पाहुणे, मुले आणि प्रवास

भाऊबीजेला घर भरते, दार सतत उघडे राहते. कुत्रा निसटण्याचा धोका तेव्हाही असतो. पाहुणे येताना त्याला आतल्या खोलीत ठेवावे आणि दाराकडे लक्ष देण्याचे काम एका मोठ्या माणसावर सोपवावे. लपून बसलेल्या, खात असलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये. प्रेमळ कुत्राही भीतीपोटी चावू शकतो. चावल्यास वा ओरखडा उठल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कुत्र्याची रेबीजची वार्षिक लस झाली आहे ना, हे आजच त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

गावी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की रेल्वेत कुत्रा सोबत नेण्यासाठी वातानुकूलित प्रथम श्रेणीतील दोन वा चार जणांचा संपूर्ण कक्ष आपल्या नावे असावा लागतो; अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीतून पाठवावे लागते. भित्र्या कुत्र्याला असा प्रवास घडवण्यापेक्षा त्याच्या ओळखीच्या व्यक्तीने आपल्या घरी येऊन राहणे बरे. श्वानवसतिगृहात ठेवायचेच असेल, तर एक रात्र आधी ठेवून पाहावे. अनोळखी जागा आणि फटाके यांची त्याला पहिली ओळख एकाच रात्री होऊ देऊ नये.

शेजाऱ्यांशी बोलावे

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीतील फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आणि एकमेकांना जोडलेल्या माळांवर बंदी घातली. फटाक्यापासून चार मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज नसावा, असा नियम तर १९९९ पासून आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या पुढाकाराने विकसित झालेले हरित फटाके धूर कमी करतात. परंतु हरित फटाका म्हणजे मूक फटाका नव्हे.

नियमाचा कागद दाखवण्याआधी शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलणे अधिक फलदायी ठरते. फटाके इमारतीच्या एकाच मोकळ्या कोपऱ्यात आणि ठरलेल्या वेळी वाजवावेत, एवढे जरी सोसायटीने ठरवले, तरी घराघरांतील कुत्री, तान्ही मुले, दम्याचे रुग्ण व वृद्ध या सर्वांनाच उसंत मिळते. रस्त्यावरच्या कुत्र्यांना लपायला पलंगही नसतो. त्या चार रात्री त्यांना वाहनतळाच्या आडोशाला बसू द्यावे आणि पाण्याचे एक भांडे भरून ठेवावे.

या साऱ्यांतील एकच गोष्ट आज करायची असेल, तर आपल्या कुत्र्याची मागील दिवाळी आठवून एका कागदावर लिहावी: तो कोठे लपला, केव्हा खाल्ले, पूर्ववत व्हायला किती दिवस लागले. तो कागद घेऊन पशुवैद्यांना भेटावे आणि यंदाच्या भाऊबीजेनंतर त्याखाली नवी नोंद करावी. दोन नोंदींतील फरकच सांगेल की त्याची भीती वाढते आहे की उतरते आहे.